रंभाबायचा गुरुवार

…तर सगळ्यांनी ग्लास उपडे घातले, इथवर काल सांगून झालं होतं. मग चहा आला आणि माझी गाडी नेहमीसारखी भलत्याच रुळावर गेली. आज पुरं सांगतो. पण काल जे नव्हते त्यांना हे ग्लास कुठले आणि उपडे कशाला, ते कळणार नाही. म्हणून थोडं मागून घेतो.

जागा बाळकुम. आज तिथे टॉवर उभे आहेत, लिफ्टमध्ये आरसा असतो म्हणतात. मी सांगतोय ते बाळकुम खाडीकाठचं, वाळत घातलेल्या जाळ्यांचं. मी मुरबाडकडचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि कोलशेत रोडच्या एका कंपनीत फिटर म्हणून चिकटलो. पाळी सुटली की आम्ही चार-सहाजण नाक्याजवळच्या ताडीच्या दुकानात टेकायचो. पाटीवर 'सरकारमान्य ताडी-माडी विक्री केंद्र' असं लांबलचक लिहिलेलं होतं, पण आम्ही म्हणायचो रंभाबायकडे. रंभाबाय कोळीण. नवरा गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला आणि ती गल्ल्यावर बसली. अंगाने धिप्पाड, कपाळ मोकळं, आवाज असा की दोन गिऱ्हाइकांची जुंपली तर तिला नुसतं "ओ!" म्हणावं लागे.

दुकानात एक रीत होती. ताडी पुरे झाली की तोंडाने सांगायचं नाही, ग्लास बाकावर उपडा घालायचा. मग वाढणारा पुन्हा तुमच्याकडे फिरकायचा नाही.

आता गुरुवारचं. साल शहाऐंशी. धूमकेतू येणार म्हणून सगळीकडे बोलबाला. आमच्या बाकावर वाद पेटलेला. एक म्हणे युद्ध होणार, एक म्हणे तेल महागणार. कोपऱ्यात आनंद गांगुर्डे उभा होता. त्याचे वडील वेल्डर, बौद्धवाड्यातले, आमच्यातलेच बसणारे. त्यांना घरी न्यायला तो आला होता. नुकताच ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला होता, स्वतः थेंबाला शिवत नसे. त्याला राहवलं नाही. म्हणाला, "काका, तेल महागायला धूमकेतू कशाला लागतो? ते तसंही महागतंच." आणि धूमकेतू म्हणजे काय, शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूलाच का, असं सांगायला लागला. वाद थांबला. वडील उठायचे सोडून ऐकत बसले.

रंभाबाय गल्ल्यावरून म्हणाली, "पोरा, उभ्यानं काय सांगतंस? बस. नि जरा मोठ्यानं बोल, मना बी ऐकू येऊ दे."

सांगून झालं तेव्हा तिने विचारलं, "परत कवा येशील?"

आनंद हसून म्हणाला, "बाबा इथे येतात तोवर मला यावंच लागेल."

"मंग बेस्तरवारी ये. त्या दिशी धंदा मेलेला असतो."

खरंच होतं ते. गुरुवारी अर्ध्या बाळकुमचा उपास. असा हा गुरुवार सुरू झाला. उपासवाल्यांसाठी तिने कोकम सरबत ठेवलं. ताडीच्या दुकानात सरबत विकणारी ठाणे जिल्ह्यातली ती पहिलीच बाई असावी. आणि रीत तीच ठेवली, फक्त अर्थ बदलला. गुरुवारी उपडा ग्लास म्हणजे 'समजलं नाही, परत सांगा.' अर्ध्याहून जास्त ग्लास उपडे झाले की सांगणाऱ्याने पहिल्यापासून सुरू करायचं. यात रंभाबायचा तोटा होता, कारण उपड्या ग्लासात काही ओतता येत नाही. मी एकदा म्हटलंही तसं. तर म्हणाली, "शिवरामभाऊ, समजल्याबिगर मान हलवनारा गिऱ्हाईक मना नको. तो उधारी बी तशीच मान हलवून करतो."

मला या रितीचं फार कौतुक. आमच्या शाळेत मास्तरांनी 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग 'हो' म्हणायचा. पाणी शंभर अंशाला उकळतं हे मी पाठ करून दाखवलं होतं. अंश कशाला म्हणतात, ते कंपनीत भट्टीवर उभा राहिलो तेव्हा कळलं.

तर काल अर्धी राहिलेली गोष्ट. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तरी तो स्वतःभोवती फिरतो, असं आनंदसर म्हणाले. भिवाजीने ग्लास उपडा घातला. भिवाजी म्हणजे खाडीत होडी घालणारा कोळी, भरती-ओहोटी तिथीवरून सांगणारा, चंद्राशी रोजचा व्यवहार असलेला माणूस. "फिरतो तं पाठ का दिसत नाय?" सरांनी परत सांगितलं. आणखी ग्लास उपडे. तिसऱ्यांदा सांगितलं, तर माझ्यासकट सगळ्यांचे. सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि रंभाबायला म्हणाले, "जरा मधोमध येऊन बसता? तुम्ही पृथ्वी. भिवाजीदादा, तुम्ही चंद्र. तोंड सतत बायकडे ठेवून तिच्याभोवती फेरी मारा."

भिवाजी सरकत सरकत फिरला, बाय बसल्या जागी त्याच्याकडे बघत वळत गेली. सरांनी विचारलं, "फिरताना बायच्या पाठीमागे काय काय दिसलं?"

"आदी गल्ला. मंग दरवाजा, मंग खाडी, मंग भिंत, नि परत गल्ला."

"मग चारी दिशांना तोंड झालं ना तुमचं? म्हणजे फेरीबरोबर तुम्ही स्वतःभोवतीही एकदा फिरलात. आणि बायला तुमची पाठ दिसली का?"

"नाय दिसली," रंभाबाय म्हणाली. "थोबाडच दिसलं सगला वेल."

नेमकी तेव्हा दारात भिवाजीची बायको मालू, डोक्यावर मासळीची पाटी. "काय वं! लग्नात अग्नीभोवती फिरताना पाय दुखत व्हते, नि हितं बरं फिरताव?"

रंभाबाय हलली नाही. "मालू, ने तुजा चंद्र घरी. पन त्याला समजलं का इचार, नायतं अजून एक फेरी हाय."

एकेक करून ग्लास सरळ झाले. त्या दिवसापासून भिवाजीला सगळे चंद्र म्हणायला लागले.

असे किती गुरुवार झाले. डोंबिवलीहून टेलिफोन खात्यातले एक गृहस्थ आले, तारेतून आवाज कसा जातो ते त्यांनी सांगितलं. कल्याणचे गुरांचे डॉक्टर आले, म्हशीच्या चार कप्प्यांच्या पोटावर बोलले. त्यांच्या वेळी एकही ग्लास उपडा झाला नाही, तर तेच हिरमुसले. टेंभी नाक्याला कुणी विचारलं, "बाळकुमला काय विशेष?" तर रिक्षावाले सांगायचे, "तिकडे ताडीच्या दुकानात कॉलेज भरतं." मी घरी येऊन हे सांगायचो तेव्हा तुमची आजी म्हणायची, "पिण्याला निमित्त!" पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच बायकांना म्हशीची चार पोटं समजावून सांगायची.

आता खरी गोष्ट येते. ब्याण्णव सालचा शिमगा जवळ आलेला. सरांनी विषय घेतला: ताडी आंबते कशी. म्हणाले, ताडी झाडावरून उतरते तेव्हा गोड असते. त्यात डोळ्यांना न दिसणारे किण्व असतात, ते साखर खातात आणि दारू तयार करतात. म्हणून सकाळची ताडी गोड, दुपारची आंबूस, संध्याकाळची कडक, आणि दुसऱ्या दिवशी निव्वळ शिरका. सगळ्यांना पटलं. ग्लास सरळ. सर हात झटकून बसणार, तेवढ्यात भिवाजीने विचारलं, "मंग हितली ताडी सांजेपातुर गोडच कशी? नि दोन ग्लासात नीज कशी येते? परवा मी होडीत आडवा झालो, होडी आपली ओहोटीसंगं कोलशेतला. आमचा बापूस घडाभर प्यायचा, पन असा कदी मेल्यावानी निजला नाय."

सगळे हसले. मग हसू थांबलं. कारण सर हसले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "नुसत्या ताडीने असं होऊ नये."

मग सगळ्यांच्या माना गल्ल्याकडे वळल्या. रंभाबायकडे माल कॅनमधून यायचा. एक मोठा पुरवठेदार होता, अर्ध्या जिल्ह्याला ताडी तोच पोचवायचा. झाडं थोडी, पिणारे फार. एवढी ताडी येते कुठून, असा प्रश्न तोवर आम्हाला पडला नव्हता. पाण्यात सॅकरीन आणि गुंगीची पावडर मिसळतात अशी कुजबुज होती, पण ती दुसऱ्यांच्या दुकानाबद्दल.

रंभाबायने विचारलं, "सर, हे तपासता येतं?"

"येतं."

"मंग फुडच्या बेस्तरवारी. हितंच. सगल्यांच्या समोर."

लोक पांगल्यावर मी तिला म्हटलं, "अगं बाय, आधी सरांच्या कॉलेजात गुपचूप तपासून घे. वाईट निघालं तर दुकान जाईल, नाव जाईल. नवऱ्यामागे एवढं एक उभं केलंस."

ती म्हणाली, "गुपचूप तपासली तं निकाल बी गुपचूप ऱ्हायेल, भाऊ."

सोमवारी मी बाकावर होतो तेव्हा पुरवठेदाराचा माणूस आला. जगन त्याचं नाव. गोड बोलणारा, शर्टाच्या खिशात कंगवा. कॅन उतरवून झाल्यावर गल्ल्यावर वाकून हळूच म्हणाला, पण माझे कान तेव्हा चांगले होते. "बाय, शाळा बंद करा म्हणत नाय मी. होऊ दे तपास. बेस्तरवारी मी तुम्हाला अस्सल माल पाठवतो, झाडावरचा. सगळ्यांसमोर पास व्हाल. नाव होईल तुमचं. शुक्रवारपासून आपलं नेहमीचं. आणि तपास आमच्या नेहमीच्या मालाचा झाला, तर मग माल बंद. दुसरा कोण देतो ते बघा."

आता सांगा, काय वाईट होतं यात? दुकान राहणार, अब्रू राहणार, वर टाळ्या मिळणार. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

रंभाबायने गल्ल्यातली नाणी सारखी केली आणि म्हणाली, "बरं. पाठव."

मला ते ऐकवलं नाही. ग्लास अर्धा सोडून उठलो. घरी तुमच्या आजीला सांगितलं, तर म्हणाली, "धंदा करणाऱ्या बाईने दुसरं काय करावं?" बरोबरच होतं तिचं. पण मला वाटत होतं की आता ते उपड्या ग्लासाचं सगळं कौतुक खोटं. पुढच्या गुरुवारी जायचंच नाही, असं ठरवलं. आणि अर्थातच गेलो.

गुरुवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बौद्धवाड्यातली माणसं, आमच्या कंपनीतली पाळी, कोळीवाड्यातले म्हातारे. बायकाही दाराबाहेर उभ्या. जगनही आलेला, कंगवा फिरवत. सरांनी परीक्षानळ्या आणल्या होत्या, कॉस्टिक सोडा होता, आणि पिरिडीन नावाचं एक पाण्यासारखं औषध. रंभाबायने स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळून उतरवलं. सर म्हणाले, "आधी स्टोव्ह विझवा, हे औषध पेट घेतं." बाटलीचं बूच काढलं मात्र, अशी घाण सुटली की कंपनीतली पोरं नाक दाबून दाराकडे धावली. कोळीवाड्यातलं कुणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "नासली मासली! सर, आमच्या घरचाच वास आनला तुमी."

सरांनी समजावून सांगितलं. ताडीत झोपेची पावडर, क्लोरल नावाची, असेल तर या औषधाचा थर गरम पाण्यात गुलाबी-लाल होईल. नसेल तर होणार नाही.

त्यावर भिवाजीने ग्लास उपडा घातला. "साधी ताडी बी लाल झाली तं? मंग कसं कलायचं?"

सर खूश होऊन टेबलावर हात आपटून म्हणाले, "हेच! यासाठीच नाथाला बोलावलंय." नाथा म्हणजे खाडीकाठच्या शेवटच्या दोन ताडांवर चढणारा भंडारी. त्याने त्या सकाळी उतरवलेलं मडकं पुढे केलं.

पहिली नळी नाथाच्या ताडीची. गरम पाण्यात धरली. रंग नाही. दुसरी, आज आलेल्या कॅनमधली. सगळं दुकान वाकलं. रंग नाही. मिनिटभर वाट पाहिली, तरी नाही. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "रंभाबाय पास!" जगनने कंगवा खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी खाली बघितलं.

सर नळ्या गोळा करायला लागले, तर रंभाबाय म्हणाली, "थांबा सर. मालू, ये आत."

बायकांतून वाट काढत मालू आत आली. डोक्यावरची पाटी उतरवली, केळीचं पान बाजूला केलं, आणि मासळीखालून लाखेने बूच बंद केलेली एक बाटली काढली. म्हणाली, "सोमवारी याचा टेम्पो गेला तवा बायनं मना बोलावलं. मी माज्या हातानं कॅनातून भरली, मीच लाख लावली, नि घरी ठेवली. माज्या चंद्राला पन सांगलं नाय."

भिवाजीचं तोंड उघडंच. जगनचं मिटलेलं.

सरांनी रंभाबायकडे पाहिलं. "बाय, नक्की?"

"तपासाला बसलोय ना? मंग खरा माल तपासा."

तिसरी नळी गरम पाण्यात गेली. आधी काही नाही. मग वरच्या थराच्या कडेला गुलाबी रेघ आली, मग ती पसरली, आणि बघता बघता सगळा थर जांभळासारखा लाल. दाराबाहेरून एका बाईने विचारलं, "काय झालं गो?" तेव्हा तिचाच नवरा म्हणाला, "आमची नीज दिसली."

मंडळी, मी कंपनीत मोठमोठी मशिनं पहिल्यांदा सुरू होताना पाहिली आहेत. सायबांनी नारळ फोडलेला पाहिलाय. पण त्या लाल रंगाएवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नाही. आमच्या दुकानाचं पाप बाहेर आलं, आणि ते आमच्याच बाईने, आमच्याच बाकावर बाहेर काढलं. कुणी छापा घातला नव्हता, कुणी वरून हुकूम दिला नव्हता. भिवाजीने प्रश्न विचारला आणि तिने तो गिळला नाही, एवढंच.

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. सरांनी रीतसर तक्रार केली, त्या पुरवठेदाराचे टेम्पो बाळकुमात यायचे बंद झाले. रंभाबायचं दुकान शिमग्याआधी बंद झालं ते पावसाळाभर बंद राहिलं. माझी सून म्हणाली, बाई वेडी आहे. पण गुरुवार बंद नव्हता. नुसत्या कोकम सरबतावर दुकान भरायचं, आणि ते सरबत प्यायला जे बसायचे त्यांच्यात पहिल्यांदाच बायका होत्या, मालू सगळ्यांत पुढे. थंडीत ताडी परत सुरू झाली, पण नाथाच्या आणि कोलशेतच्या दोन-चार झाडांची. सकाळी यायची, संध्याकाळी संपायची. संपली की संपली. ठाण्याहून माणसं सायकलवर यायला लागली, कारण रंभाबायकडची ताडी संध्याकाळपर्यंत आंबते, ही तिची जाहिरात झाली. आंबते म्हणून नाव झालेलं दुकान तुम्ही कुठे पाहिलंय? आनंदसर पुढे डोंबिवलीला राहायला गेले, तरी गुरुवारी हजर. त्यांचे वडील पुढे ताडी सोडून सरबतावर आले. सर म्हणायचे, बाबांनी मात्र मला न्यायला बोलावणं सोडलं नाही.

हां, पण खरी गोष्ट राहिलीच. ती लाल नळी अजून सरांच्या हातात होती. जगन उठला. आता तो हळू बोलत नव्हता. म्हणाला, "बाय, सगळ्यांसमोर पास झालेलात. स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान बुडवलंत. काय मिळालं?"

मी बाकावर पुढेच होतो. तिने जे उत्तर दिलं ते शब्दाला शब्द असं:

"जगन, नवरा गेला तवा लोक बोलले, बाईमानूस काय इकनार? मी बोलले, चांगलं इकेन. इतकी वरसं मना वाटत व्हतं का मी चांगलं इकते. आज कललं का नाय. कललं तं आता इकनार नाय. दुकान माजं हाय, ते उद्या बंद करायचं का परवा, ते मी बघेन. तुजे कॅन टेम्पोत टाक. नि जायची घाई नसंल तं बस त्या बाकावर. लाल का झालं, ते सरांनी अजून सांगलं नाय."